कोण आलं, कोण होतंच

'महिकावतीची बखर' सांगते की शके 1060 मध्ये, म्हणजे इसवी सन 1138 च्या सुमारास, प्रतापबिंब राजा उत्तर कोकणात उतरला आणि त्याच्याबरोबर 66 कुळं आली. राजाची स्वारी कुठल्याही बखरीत सापडते. इथे वस्तीला आलेल्यांची मोजदाद आहे! सोमवंशी किती, सूर्यवंशी किती, शेषवंशी किती, हे बखरकार आवर्जून सांगतो. त्यात आगरीही आहेत, पांचाळही आहेत. राजाच्या पाठोपाठ चाललेल्या साध्या संसारांची अशी दखल घेतलेली वाचताना अजूनही अंगावर शहारा येतो.

या बखरीतला सर्वांत जुना भाग केशवाचार्यानं लिहिला, शके 1370 मध्ये. इतिहासकार राजवाड्यांनी ती 1924 मध्ये छापून आणली. म्हणजे सांगितलेली घटना आणि लिहिणारा हात यांच्यात तीनशे वर्षं गेली. शिवाय 1138 च्या आसपास या मुलखावर शिलाहार राजा अपरादित्याचं राज्य होतं, हे शिलालेख सांगतात. तेव्हा बखरीतली तारीख जशीच्या तशी घेता येत नाही. पण तीनशे वर्षं घराघरांनी काय जपलं, ते तिच्यात आहे: आम्ही एकत्र आलो, अमुक ठिकाणाहून आलो, आमची कुळं अशी. आपलं मूळ मुंगी-पैठणचं, ही आठवण आगरी समाजात आजही सांगितली जाते.

अमेरिकेतली माणसं आपल्या सरहद्दीवरच्या पूर्वजांना असंच शोधत असतात. 1775 मध्ये डॅनियल बूननं कंबरलँड खिंडीतून वाट काढली आणि तिच्यावरून हजारो कुटुंबं पश्चिमेला गेली. त्यांचे जन्म-मृत्यू सापडतात घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानांवर, जमिनीच्या दस्तांमध्ये आणि जनगणनेत. तिथली जनगणना 1790 पासून आहे, पण 1850 पर्यंत तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको, मुलं म्हणजे नुसते आकडे. गुलामांना तर 1850 मध्येही नाव मिळालं नाही.

आपल्याकडे ही पानं घरात नसतात. ती तीर्थाच्या ठिकाणी असतात. कर्जतजवळच्या भिवपुरीचा माणूस अस्थी घेऊन नाशिकला गेला की तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि लाल कापडात बांधलेली वही सोडतात. तिच्यात त्याचा आजा असू शकतो, पणजा असू शकतो. पणज्यानं स्वतः येऊन सांगितलेली भावांची, मुलांची नावं असू शकतात. घरात ज्याचा एक फोटोसुद्धा नाही, तो माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी माडीवर पिढ्यान् पिढ्या नीट जपलेला असतो. अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेलाही या वह्यांची किंमत कळली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तिनं करून घेतल्या.

आता भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून पूर्वेकडे पाहा. समोर सह्याद्रीची भिंत. तिच्यावरून आंध्रा नदीचं पाणी नळांतून खाली येतं आणि 1922 पासून टाटांच्या वीजघरात चक्रं फिरवतं. पाण्याच्या कितीतरी आधी माणसं या भिंतीवरून उतरत होती. कर्जतपलीकडे राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे एका शिल्पाशेजारी कोरलंय की हे काम कण्हाच्या शिष्यानं, बलकानं केलं. या डोंगरकुशीत स्वतःचं नाव लिहून ठेवणाऱ्यांपैकी हा फार जुना माणूस, आणि तो ओळख सांगतो ती गुरूच्या नावानं.

म्हणजे प्रतापबिंब आला तेव्हा हा मुलूख ओसाड नव्हता. सरहद्दीवरच्या वसाहतीच्या कहाण्यांमध्ये जमीन नेहमीच रिकामी असते. अमेरिकेत 1862 च्या कायद्यानं घरटी 160 एकर वाटले, ते जणू कुणाचेच नसल्यासारखे. तिथे शॉनी, चेरोकी, लाकोटा हे मूळचे लोक होते. इथे ठाकर आणि कातकरी होते, आणि 66 कुळांच्या यादीत ते नाहीत. त्यांची नाशिकच्या वहीत नोंद शोधायला गेलात तर बहुधा हात रिकामेच राहतील. पण डोंगरउतारावरच्या दळीच्या जमिनीत राब भाजून वरी-नाचणी कुणाच्या बापानं कुठवर पेरली, ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना बांधानिशी ठाऊक असतं.

मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट इथे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वनजमिनीवरच्या दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांची यादी दिली आहे. तिच्यात सरकारी कागद आहेत, तशी जुनी घरं, बांध, दफनभूमी, देवस्थानं यांसारख्या खुणाही आहेत. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हासुद्धा पुरावा धरला आहे. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली, लिहून घेतलेली हकिगतही चालते. ग्रामसभेची वनहक्क समिती दावा तपासायला जमिनीवर जाते. तिथे एखादी आजी, हा तुकडा शेजारच्या घरातल्या कुणाच्या आज्यानं फोडला, त्याची पोरं कोण, त्यांची पोरं कोण, हे एकेक नाव घेऊन सांगते. समितीचा माणूस ते लिहून घेतो, खाली तिचा अंगठा उठतो आणि तो कागद दाव्याला जोडला जातो.