तिसरा सिलिंडर गप्प का?

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800ची चावी ग्राहकाच्या हाती दिली. तिचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. तिघांना पेट्रोल पुरवायला कार्बोरेटर एकच, ठिणगी वाटायला डिस्ट्रिब्युटरही एकच. जुन्या मिस्त्रींचं निदान या मांडणीवरच उभं असे. गाडी ‘मिसिंग मारते’ म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न: एकच सिलिंडर बंद आहे, की तिन्ही आजारी?

उत्तर कानाला मिळतं. इंजिन स्लोवर ठेवायचं आणि इन्सुलेशनच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढायची. हजारो व्होल्टचा करंट असतो, उघडा हात नको. चालत्या सिलिंडरची वायर निघाली की इंजिन अडखळतं. जिथे आवाज जराही बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच गप्प. त्याचा प्लग शेजारच्याला लावून पाहावा. बिघाड प्लगबरोबर सरकला, तर प्लग बदलायचा. जागेवरच राहिला, तर वायर, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासायचं.

इथे कार्बोरेटर खोलायचं कारणच नसतं. तरी अनेकदा आधी तोच खोलला जातो, जेटच्या बारीक भोकात तार फिरते, भोक रुंदावतं आणि नसलेलं दुखणं कायमचं मागे लागतं.

तिन्ही सिलिंडर अडखळत असतील, तर मात्र संशय सामाईक भागांवर. प्लग काढून रंग पाहावा. तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सावरलं, तर स्लो जेटमध्ये कचरा आहे किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरटी हवा आत शिरतेय.

सर्वांत फसवा कंडेन्सर. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत, मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या वेगात, तीन सिलिंडरना 4,500 ठिणग्या लागतात. कंडेन्सर खचला की ठिणगी निळसर न राहता पिवळी पडते, पॉइंट जळतात. सकाळी नीट निघालेली गाडी गरम झाल्यावर बंद पडते, आणि दोष पेट्रोलवर जातो.

पावसाळ्यात आधी टोपी. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालवलं, की गळणारा करंट निळा सरपटताना दिसतो. इंजिन बंद करून टोपी आतून-बाहेरून कोरडी पुसावी. पुन्हा सुरू केल्यावर अंधार राहिला, तर ती फक्त ओल होती. निळी रेघ तशीच चमकली, तर टोपीला तडा आहे, नवीच बसवावी लागेल.