साखरेचा आकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत

गेल्या महिन्यात एक आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. "डॉक्टर, हिला गोड काही देत नाही, तरी साखर वाढते कशी?" मी मुलीला जवळ बसवून विचारले. भाऊ लाडू खातो, तिला मिळत नाही. म्हणून ती चोरून खाते. साखर वाढली की बोलणी बसतात, म्हणून सांगत नाही.

पालकांनो, लहान मुलांना बहुधा होणारा 'टाइप वन' मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते. यात मुलाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. १९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. म्हणून कारल्याच्या रसाच्या भरवशावर इन्सुलिन बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. ताप आला, मूल जेवत नसले, तरी ते परस्पर बंद करू नये; मात्रा डॉक्टरांना विचारावी.

मुलासाठी वेगळे ताट वाढू नका. भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, ताक सर्वांनीच खावे. जेवणाच्या आणि इंजेक्शनच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. टोचण्याची जागा रोज बदलावी. कुठे टोचायचे ते मुलालाच निवडू द्यावे. खेळणे बंद करू नका, मात्र खेळण्याआधी साखर तपासून गरजेप्रमाणे थोडे खायला द्यावे.

घाम, थरथर, एकाएकी चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. आकडा ७० च्या खाली असेल तर वयानुसार दोन-तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालय गाठावे. ही माहिती वर्गशिक्षकांनाही लिहून द्यावी.

आणि आकडा वाढला तर रागावू नका. रागावल्याने साखर उतरत नाही, मूल लपवायला मात्र शिकते. "खरे सांगितलेस, छान केलेस," एवढे म्हणा आणि मग उपाय शोधा.

त्या घरी आता लाडू सणालाच होतात. दोघा भावंडांना अर्धा-अर्धा, जेवणासोबत. तिच्या वाट्याचा हिशेब इन्सुलिनच्या मात्रेत धरलेला असतो. परवा मुलगी वही घेऊन आली. त्यात वाढलेले आकडेही होते, तिच्याच अक्षरात लिहिलेले. मला त्याचाच आनंद झाला.