गोंधळ्याची रात्र

लग्नाचे किंवा मुंजीचे विधि आटोपतात, पाहुणे पांगतात, आणि घरांतील वडील माणसांच्या तोंडीं एकच प्रश्न उरतो: "गोंधळ केव्हां घालायचा?" श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा कुलाचार असेल. परंतु त्या रात्रीं दारीं येणारीं चार-पांच माणसें कोण, तीं कोठें जेवतात आणि त्यांची विद्या कोणत्या शाळेंत शिकविली जाते, याचा विचार यजमान सहसा करीत नाहीं.

या विचारास परभणी जिल्हा सोयीचा आहे. एका अंगास माहूरची रेणुका, दुसऱ्या अंगास तुळजापूरची भवानी, आणि मधल्या मुलुखांत परभणी. गोंधळ्यांच्या दोन प्रमुख शाखाही याच दोन देवींच्या आहेत. रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजाभवानीचे ते कदमराई. ही परंपरा किती जुनी असावी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत, आणि तेराव्या शतकांत देवगिरीस शार्ङ्गदेवानें रचलेल्या 'संगीतरत्नाकरां'त, 'गोंडली' अथवा 'गौंडली' नांवाच्या नृत्याचा उल्लेख येतो. त्याचा संबंध संशोधक आपल्या गोंधळाशीं जोडतात.

लग्नसराईंत गोंधळ्यांचा मेळा जिंतूर, पाथरी, गंगाखेड अशा गांवांच्या वाटेवर असतो. पूर्वीं पायीं किंवा बैलगाडीनें, आतां बसनें अथवा जीपनें. सामान थोडें: फडक्यांत गुंडाळलेला संबळ, एक तुणतुणें, झांजांची जोडी, दिवटी, आणि पोशाखाचें गांठोडें. त्या गांठोड्यांत पायघोळ झगा, पागोटें व कवड्यांच्या माळा. मेळ्यांतील माणसें बहुधा एकमेकांचीं नातलगच असतात. बाप सांगतो, भाऊ संबळ धरतो, पुतण्या तुणतुण्यावर, आणि धाकटा मुलगा दिवटीवर. त्यामुळें बिदागीची वांटणी ही घरांतलीच वांटणी असते, आणि घरांतला रुसवाही रात्रीं संबळ वाजूं लागेपर्यंतच टिकतो.

या प्रवासाचें खरें पाथेय घरून येतें. परभणीचा मुलूख ज्वारीचा. येथील कृषि विद्यापीठानें ज्वारीच्या एका वाणाला 'परभणी मोती' असेंच नांव दिलें आहे. निघतांना घरची बाई भाकरी, शेंगदाण्याची चटणी व ठेचा बांधून देते. मुक्काम लांबणार असेल तर दशमी. दुधांत भिजविलेल्या पिठाची ही भाकरी प्रवासांत अधिक टिकते. गायकास रात्रभर आवाज लावावयाचा असतो, म्हणून तो आरंभीं बेतानेंच जेवतो. यजमानाच्या घरचें पुरण देवीच्या नैवेद्यास चढतें. तेंच प्रसाद म्हणून गोंधळ्याच्या पानांत येतें. ज्या चुलीवर देवीचा नैवेद्य शिजला, त्याच चुलीवरचें अन्न तिच्या सेवकास मिळावें, ही या कुलाचारांतील मोठी गोष्ट होय.

जेवणें झालीं कीं चौक मांडतात. पाटावर नवें वस्त्र, त्यावर धान्य, कलश, नारळ, आणि भोंवतीं उसांचा अगर ज्वारीच्या धाटांचा छोटा मांडव. दिवटी पेटते. मग मुख्य गोंधळी एकेका दैवतास नांवानें व गांवानें हांक मारतो: माहूर, तुळजापूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. साऱ्या महाराष्ट्राचा नकाशा त्या अंगणांत उलगडतो. संबळाचीं दोन तोंडें असमान असतात. एकाचा आवाज खर्जाचा, दुसऱ्याचा उंच. तो कमरेला बांधून काठ्यांनीं वाजवितात. तुणतुण्याला तार एकच, परंतु रात्रभर गळा सुरावर ठेवण्याचें काम तीच करते.

कधीं कधीं करपल्लवीचा खेळ होतो. यजमान एका गोंधळ्याच्या कानांत एखादें नांव सांगतो. तो बोटांच्या खुणा करतो, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला त्याचा साथीदार तें नांव मोठ्यानें उच्चारतो. मंडळी थक्क होतात. यांत चमत्कार कांहीं नाहीं. वर्षानुवर्षें एका ताटांत जेवलेल्या दोघांची ती भाषा असते.

उत्तररात्रीं आख्यान लागतें, आणि गोंधळाचा प्राण येथेंच आहे. हरिश्चंद्राची कथा असो कीं जांभूळ आख्यान असो, ती लिहिलेल्या वहींतून सांगितली जात नाहीं. जांभूळ आख्यानांत द्रौपदीच्या मनांत कर्णाविषयीं अभिलाष उत्पन्न होतो. महाभारताच्या संशोधित आवृत्तींत ही कथा नाहीं, ती लोकांनीं तोंडोंतोंडीं राखली. शाहीर विठ्ठल उमप यांनीं हें आख्यान रंगभूमीवर गाजविलें. २०१० सालीं नागपुरांत त्यांना मृत्यु आला तोही मंचावरच. आणि खुद्द परभणीचें नांव गोंधळाबरोबर घेतलें जातें तें राजारामभाऊ कदम यांच्यामुळें. आजचा तरुण गोंधळी अशा थोरांची नांवें देवाइतक्याच आदरानें घेतो.

परंतु तो त्यांच्यासारखा होणार कसा? त्याची शाळा म्हणजे दुसऱ्याच्या अंगणांतील रात्र होय. प्रथम दिवटी धरावयाची, मग झांज, मग तुणतुणें, मग संबळ, आणि शेवटीं सांगणें. दिवटीत तेल घालतां घालतां मुलगा आख्यान ऐकतो. शंभर वेळां ऐकल्यावर तें त्याच्या जिभेवर येतें. या शाळेला पाटी नाहीं, पुस्तक नाहीं, परीक्षाही नाहीं. आहे ती केवळ लांब रात्र.

ती रात्रच आतां आंखूड होत चालली आहे. लग्नें कार्यालयांत लागतात, आणि कार्यालय ठराविक वेळीं रिकामें करावें लागतें. रात्रीं १० नंतरच्या मोठ्या आवाजावर २००० सालच्या नियमांनीं बंधनें आलीं, तीं शेजाऱ्यांच्या दृष्टीनें रास्तच आहेत. मग यजमान म्हणतो, "अर्ध्या तासांत उरका." गोंधळीही बिचारा उरकतो. आवाहन राहतें, कारण तो विधि. आरती राहते, कारण तीही विधि. गळतें तें आख्यान. बिदागी पूर्ण मिळते, कदाचित् अधिकही मिळते. परंतु दिवटी धरलेला मुलगा त्या रात्रीं कांहीं न शिकतां परत जातो. अशा रात्री पुष्कळ झाल्या कीं एक दिवस तोच मुख्य गोंधळी होईल, आणि त्याला देवांचीं नांवें तेवढीं ठाऊक असतील.

हें टाळण्यास सरकारी योजनेचीच वाट पाहावी असें नाहीं. गोंधळ संध्याकाळीं लवकर मांडतां येतो, ध्वनिक्षेपकावांचून होतो, आणि दोन खोल्यांच्या घरांतही होतो. यजमानानें इतकेंच म्हणावें, "भाऊ, आख्यान पुरें सांगा, आम्ही बसतों." आणि घरच्या पुरणाचीं पानें वाढतांना दिवटीवाल्या मुलाचें पान विसरूं नये.