दोन रंधा मशीन: दोन्ही ठेवावीत की एक विकावे?

शिंदखेडा परिसरातील सुताराकडे एकीकडे शेती अवजारांसाठी बाभूळ आणि दुसरीकडे दारे-चौकटींसाठी साग येत असल्याने, एकाच कारखान्यातील दोन रंधा मशीन ही वरकरणी चैन वाटली, तरी त्यांच्याबाबतचा निर्णय कामाच्या विभागणीवरून करणे योग्य ठरते.

रंधा मशीन म्हणजे सपाट टेबलाच्या मधोमध वेगाने फिरणाऱ्या दंडगोलावर बसवलेल्या पोलादी पात्यांनी लाकूड सपाट करणारे यंत्र होय. जुन्या बाभळीत खिळा किंवा माती दडलेली असल्यास पात्यांना खांडे पडतात आणि त्याच पात्यांनी साग रंधल्यास फळीवर उंचवट्याच्या रेषा उमटतात. म्हणून एक यंत्र ओबडधोबड कामाला व दुसरे सफाईला राखल्यास पाती बदलून पुन्हा टेबलाच्या पातळीत बसवण्याचा वेळ वाचतो.

याउलट, कारागीर एकच आणि दोन्ही यंत्रांवरचे कामही एकच असेल, तर एक विकून जागा मोकळी करणे सयुक्तिक होय. ठेवण्याचे यंत्र निवडताना टेबलाची लांबी (कारण लांब टेबलावर लांब फळी सरळ होते), पात्यांची रुंदी, बेअरिंगची स्थिती आणि मोटर उपलब्ध वीजजोडणीवर, म्हणजे सिंगल फेज किंवा थ्री फेजवर, चालते का, हे पाहावे.

कारखान्यातील दुसरे यंत्र थिकनेसर असेल, तर ते मात्र रंध्याची दुसरी प्रत समजून विकू नये. रंधा फळीची एक बाजू सपाट करतो, तर थिकनेसर समोरची बाजू तिला समांतर करून सर्वत्र एकसारखी जाडी देतो.

#सुतारकाम #शिंदखेडा