संशोधन : विद्याशाखा अनेक, प्रश्न एक

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गाला ज्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव आहे, त्याची डॉक्टरेट मात्र खगोलशास्त्रातील नव्हती. निकोलस कोपर्निकसने १५०३ मध्ये इटलीतील फेरारा येथे चर्चच्या कायद्यात ही पदवी संपादन केली. पदुआ येथे त्याने वैद्यकाचाही अभ्यास केला होता. सूर्यकेंद्री सिद्धांत मांडणारा त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच मार्गावरील फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. पश्चिम विभागाचे पीठ पुणे येथे आहे. २०१० च्या कायद्याने येथे न्यायिक सदस्यांच्या जोडीला तज्ज्ञ सदस्यांची तरतूद केली. पर्यावरणाचा प्रश्न एका विद्याशाखेत मावत नाही, याची ही कायदेशीर कबुलीच होय.

नदीप्रदूषणाचे उदाहरण घ्यावे. रसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी पाण्याचे नमुने तपासतो. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी घटत्या मत्स्यजातींची नोंद करतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी बुडालेल्या उत्पन्नाचे मोजमाप करतो, तर समाजशास्त्राचा विद्यार्थी मासेमार कुटुंबांच्या मुलाखती घेतो. इतिहासाचा अभ्यासक जुने नकाशे व गॅझेटियर पडताळतो, मराठीचा अभ्यासक नदीकाठच्या ओव्या संकलित करतो आणि विधी शाखेचा अभ्यासक निवाड्यांचा अन्वयार्थ लावतो.

या अभ्यासांतील खरा भेद पुराव्याच्या स्वरूपात आहे. प्रयोगशाळेत चाचणीची पुनरावृत्ती, सर्वेक्षणात नमुन्याची निवड, तर इतिहासात कागदपत्रांची परस्पर पडताळणी महत्त्वाची ठरते. नमुना केव्हा व कोठून घेतला याची नोंद नसेल, तर ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व कायद्यात असूनही पीडितांच्या हाती काही लागत नाही. संशोधनातील ढिलाईची किंमत अशी समाजाला मोजावी लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान ३ वर्षांचा कालावधी असून किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आवश्यक आहे. संशोधन नीतिमत्तेचे प्रशिक्षणही त्याचा भाग आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांनाही प्रवेश प्रक्रियेत भाग घेता येतो. पूर्ण झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात सर्वांना वाचावयास मिळतात.

विषय निवडताना ‘शाखा कोणती?’ याबरोबरच ‘प्रश्न कोणता आणि त्यास पुरावा कोणता?’ हा विचार विद्यार्थ्यांनी प्रथम करावा. शाखांमधील भिंती अशा प्रश्नांपुढेच ठेंगण्या ठरतात.