लावणी कलाकारांनो, कार्यक्रमाची सुपारी घेताना या ४ गोष्टी विसरू नका

२०२३ मध्ये एका लोकप्रिय लावणी कलाकाराचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून व्हायरल केला गेला. पुण्यात गुन्हा दाखल झाला. पंचवटीतलं मंडळ असो की गावची जत्रा, हा धोका कुठेही असू शकतो. मग काय करायचं?

१. बंद खोली : सुपारी ठरतानाच कपडे बदलायला कडी असलेली खोली मागा. नुसता पडदा चालणार नाही.

२. आत शिरल्यावर : खिडक्या, फटी, छत तपासा. दाराबाहेर आपल्यातलीच एक जण उभी ठेवा.

३. स्टेजवर : घुंगरांच्या दोऱ्या आणि नऊवारीचा काष्टा आधी दोन गिरक्या घेऊन तपासा. प्रेक्षक आणि स्टेजमध्ये बॅरिकेड हवंच.

४. व्हिडिओ निघालाच तर : लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. ११२ किंवा सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. कार्यक्रम कुठेही झालेला असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

आणि प्रेक्षकांनो, असा व्हिडिओ काढणं जसा गुन्हा, तसाच तो पसरवणंही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. ती स्टेजवर नाचते, म्हणून स्टेजमागचं बघायची परवानगी मिळत नाही. तुमच्याकडे आला, तर फॉरवर्ड नको, रिपोर्ट करा.