विसार देण्यापूर्वी वाळवी पाहा

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला आणि पालघर शहर मुख्यालयाचे गाव बनले. शेजारी बोईसरला तारापूर एमआयडीसी आहेच. या पट्ट्यात घर किंवा गाळा घेऊ पाहणारे आपले व्यापारी व कारागीर बांधव सातबारा, घरपट्टीची पावती सारे बारकाईने तपासतात. चौकटीच्या आत काय चालले आहे, हे मात्र कोणी पाहत नाही. बँकेचा माणूस येतो तो किंमत ठरवायला. वाळवी शोधणे हे त्याचे काम नव्हे.

यात कायद्याची एक बाजू आहे, ती नीट समजून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे मालमत्तेतला मोठा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. पण कोणता? जो खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, असा. म्हणजे दाराच्या चौकटीवर मातीची नळी उघड दिसत होती आणि आपण पाहिली नाही, तर विक्रेता हात वर करू शकतो. खरेदीखत झाल्यावर भांडत बसण्यापेक्षा विसाराआधी अर्धा दिवस खर्च केलेला बरा.

पाहायचे काय? आपल्याकडची बहुतेक वाळवी जमिनीतून येते. तिला ओल लागते, म्हणून ती भिंतीवरून मातीच्या बोटभर रुंद नळ्या करून वर चढते. मोरीच्या मागची भिंत, जिन्याखालची जागा, मीटरचा बोर्ड, पोटमाळा या जागा विजेरी घेऊन पाहाव्यात. फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. नळाच्या व विजेच्या पाइपांच्या वाटेने ती वर जाते. चौकटीचा फक्त खालचा वीतभर भाग ताजा रंगवलेला दिसला तर विचारावे. लाकडावर हातोडीच्या दांड्याने ठोकावे. पोकळ आवाज आला तर तिथे टोच्या दाबून बघावा, अर्थात मालकाला विचारूनच. पहिल्या पावसानंतर खिडकीखाली पंखांचा सडा पडला असेल, तर वारूळ जवळपासच आहे.

कोरड्या लाकडातली वाळवी निराळी. तिला मातीशी देणेघेणे नाही. तिच्या भोकाखाली खसखशीसारखे दाणे पडतात. दाण्यांऐवजी मैद्यासारखी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसली, तर ते भुंगेऱ्याचे काम समजावे.

किनाऱ्याकडच्या गावांत जुने कौलारू घर घेणाऱ्याने वासे आणि खांबांचे बुंधे आधी पाहावेत. “सगळे सागवान आहे” एवढ्यावर भुलू नये. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण बाहेरचा पांढरा थर ती खाते. डहाणू-तलासरीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका झाली. तिकडच्या घरात पोखरलेला खांब म्हणजे पैशापेक्षा जिवाचा प्रश्न. जोत्याला पडलेल्या बारीक भेगांतूनही वाळवी आत येते.

गाळा घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. कापडाच्या गाठी, पुठ्ठ्याची खोकी, हिशेबाच्या वह्या हे सारे वाळवीचे खाद्यच आहे. जोत्याच्या भरावात शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे तसेच गाडले असतील तर तिला आयते घर मिळते.

तपासणीला आपल्या ओळखीचा जाणता सुतार न्यावा; लाकडाची परीक्षा त्याच्याइतकी कोणाला नसते. मोठा व्यवहार असेल तर कीटकनाशक कायद्याखाली परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडून लेखी अहवाल घ्यावा. मात्र औषध मारण्याचे काम त्यालाच मिळणार असेल, तर त्याला वाळवी जरा जास्तच दिसते, हेही ध्यानात ठेवावे.

वाळवी निघाली म्हणून सौदा मोडलाच पाहिजे असे नाही. बांधून झालेल्या घरासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. त्यानुसार फरशी व भिंतीच्या सांध्यात साधारण फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध सोडतात. हा खर्च आणि चौकटी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा व तसे साठेखतात लिहून घ्यावे. परसात विहीर असेल तर काम करणाऱ्याला ती आधीच दाखवावी. औषध जमिनीत मुरते आणि त्याच विहिरीचे पाणी घरात येते.